कोळशातून सुटलेला शब्द

बहुतेक शब्द कुणी आणि कधी बनवले, याचा पत्ता लागत नाही. ‘गॅस’चं तसं नाही. सतराव्या शतकात ब्रुसेल्सच्या यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट या वैद्यानं तो चक्क घडवला आणि आपण नवं नाव देतोय हे लिहूनही ठेवलं.

त्याच्या हिशेबानुसार ६२ पौंड कोळसा जाळला की राख उरते जेमतेम एक पौंड. मग ६१ पौंड गेले कुठे? जे निसटलं ती साधी हवा नव्हे, असं त्याचं म्हणणं. ते दिसत नसे आणि भांड्यात कोंडूनही राहत नसे. अशा मोकाट पदार्थाला त्यानं ग्रीक ‘खाओस’वरून, म्हणजे आदिम गोंधळावरून, नाव दिलं. डच लोक ‘ग’ घशातून, जवळपास ‘ख’सारखा काढतात, म्हणून लिहिताना झाला ‘गॅस’.

याच माणसानं २०० पौंड कोरड्या मातीत विलोचं पाच पौंडांचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड भरलं १६९ पौंड. माती घटली सुमारे दोन औंस. झाड पाण्याचंच बनतं, असं त्यानं ठरवून टाकलं. खरं तर त्या लाकडातला कार्बन आला होता हवेतल्या कार्बन डायॉक्साइडमधून. म्हणजे कोळसा जळताना सुटणाऱ्या त्याच वायूतून! बारसं ह्यानंच केलेलं, पण झाडात तो ओळखता आला नाही.

हेल्मोंट १६४४ मध्ये वारला. मुलानं १६४८ साली त्याचं लेखन छापलं. त्यात ‘गॅस’चं एक भावंडही होतं, ‘ब्लास’. ग्रहताऱ्यांना फिरवणाऱ्या शक्तीचं हे नाव पुढे कुणी उचललं नाही. ‘गॅस’ही कसाबसाच तगला. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ शंभरेक वर्षं ‘हवा’च म्हणत राहिले, कॅव्हेंडिशनं हायड्रोजनला ‘ज्वालाग्राही हवा’ म्हटलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए आणि त्याच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी शब्द उचलला, तेव्हा कुठे तो रुळला.

मग दगडी कोळशाच्या वायूवर रस्त्यांतले दिवे पेटले, १८६५ मध्ये मुंबईतही, आणि मराठीला ‘गॅसबत्ती’ मिळाली. आज आपल्या घरी ‘गॅस’ म्हणजे शेगडीही आणि सिलिंडरही, मग आत बहुतांश द्रव का असेना. ‘पोटात गॅस झालाय’ हे मात्र मूळ अर्थाला धरून आहे. हेल्मोंटनं आतड्यातल्या वायूंचाही विचार याच नावाखाली केला होता.