गेम लक्षात ठेवतो, पण वागतो का?

औषधाचं दुकान, जॉर्जियातलं मेकन गाव. झॉम्बी दारं-खिडक्या फोडून आत घुसताहेत. खिडकीपाशी डगला त्यांनी धरलंय. दुसरीकडे कार्लीचा घोटा एकाच्या मुठीत सापडलाय आणि तिच्या पिस्तुलातल्या गोळ्या संपल्या आहेत. वाचवता एकालाच येतं आणि विचार करायला जेमतेम काही सेकंद मिळतात. ‘द वॉकिंग डेड’ (२०१२) या टेलटेल कंपनीच्या पाच भागांच्या गेममधला, पहिल्याच भागातला हा प्रसंग. आपण सांभाळत असलेल्या छोट्या मुलीच्या नावाने पुढे ‘क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवील’ अशा पाट्या पडद्यावर येत राहतात आणि आपण जपून बोलू लागतो.

तिसऱ्या भागात रस्त्याच्या कडेला गाडी थांबते आणि वाचवलेलं माणूस गोळी लागून मरतं. कार्ली असेल तर आपल्याच गटातली लिली तिच्यावरच गोळी झाडते. डग असेल तर नेम गटातल्याच बेनवर असतो, डग त्याला ढकलतो आणि गोळी स्वतः खातो. कोणालाही वाचवा, चौथ्या भागात दोघंही नाहीत. (या लेखात आणखीही गेमची गुपितं फुटणार आहेत. गेम जुने आहेत, पण सांगून ठेवलेलं बरं.)

निवडीने काहीच बदललं नाही म्हणून याला फसवणूक म्हणणाऱ्यांनी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावं. समजा गोष्टीत १० निवडी आहेत, प्रत्येकीत दोन पर्याय, आणि कुठलीही वाट दुसरीला परत मिळत नाही. १, २, ४, ८ असं करत १०२४ पर्यंतची बेरीज होते २०४७ सीन. एका सीनला ३०० शब्द धरले तर लेखकाने लिहायचे ६ लाख १४ हजार १०० शब्द, आणि एका खेळात खेळाडू बघणार ११ सीन, म्हणजे ३,३०० शब्द. शिवाय मोठ्या गेममध्ये शब्द लिहून काम संपत नाही. तो आवाजात रेकॉर्ड करायचा, पात्राचे ओठ-हातवारे जुळवायचे, प्रकाश लावायचा, अनेक भाषांत न्यायचा.

म्हणून जवळजवळ सगळे लेखक वाट फोडतात आणि लगेच परत जुळवतात. निवडीनंतर दोन वेगळे सीन आणि मग दोघांना सामायिक एक, असं केलं की १० निवडींचं काम ३१ सीनमध्ये, ९,३०० शब्दांत भागतं. खेळाडू त्यातले २१ सीन बघतो, म्हणजे वाया जाणारं लिखाण एक तृतीयांशाहूनही कमी. डग आणि कार्लीचा मृत्यू हा असाच जोड आहे: दोन माणसांचा दुहेरी खर्च दोन भाग सोसला, तिसऱ्यात खातं बंद केलं.

वाटा जुळल्यावर निवडीचं काय उरतं? एक खूण. कार्ली वाचली: हो किंवा नाही. संगणकाला हे साठवायला एक बिट पुरतो. दहा खुणा म्हणजे दहा बिट, आणि तेवढ्यात १०२४ वेगवेगळ्या परिस्थिती मावतात. ‘बाल्डर्स गेट ३’ येताना, २०२३ मध्ये, १७,००० प्रकारच्या शेवटांचा आकडा फार गाजला. चौदा हो-नाही खुणांची सरमिसळच १६,३८४ होते हे ध्यानात घेतलं की त्या आकड्याचा धाक ओसरतो. (गेम उत्तम आहे, आकडा जाहिरातीचा आहे.) लक्षात ठेवणं जवळपास फुकट असतं. त्या आठवणीवर वागणं महाग. त्यामुळे निवडीला अर्थ होता का हे शेवट किती आहेत यावरून मोजू नये. तिची खूण पुढे कितीदा वाचली जाते आणि वाचल्यावर काय बदलतं, ते बघावं.

या कसोटीवर ‘मास इफेक्ट २’ या अंतराळातल्या गेमची (२०१०) शेवटची मोहीम उघडून बघण्यासारखी आहे. जहाजाचं चिलखत, ढाल आणि तोफ यांपैकी जी सुधारणा राहून गेली असेल, तिच्यामागे एक साथीदार वाटेतच जातो. पुढे आपण दोघांना घेऊन आत जातो आणि उरलेले दार अडवून धरतात. तिथे गेम न दाखवता एक सरासरी काढतो. गॅरस, ग्रंट आणि झईद यांचे प्रत्येकी ४ गुण. थेन, जेकब, मिरांडा, समारा, लीजन यांचे २. मॉर्डिन, टाली, जॅक, कासुमी यांचा १. ज्याची निष्ठा मिळवलेली नाही त्याचा एक गुण कमी. दार अडवणारे पाच किंवा जास्त असतील तर सरासरी २ भरली की सगळे वाचतात.

समजा मागे राहिले मॉर्डिन, टाली, जॅक, थेन आणि जेकब, सगळे निष्ठावान. बेरीज ७, सरासरी १.४, आणि दोघं मरतात. मरण्याचा क्रमही ठरलेला आहे, त्यात मॉर्डिन पहिला आणि टाली दुसरी. आता टालीला सोबत घेऊन तिच्या जागी ग्रंटला मागे ठेवा. बेरीज १०, सरासरी बरोबर २, कोणी मरत नाही. ‘माझ्यामुळे मॉर्डिन गेला’ ही खेळाडूची टोचणी इथे अक्षरशः खरी ठरते, फक्त तिच्यामागे एक भागाकार असतो.

मॉर्डिन मेला तर ‘मास इफेक्ट ३’मध्ये (२०१२) त्याचं काम पॅडॉक विक्स करतो. पहिल्या ‘मास इफेक्ट’मध्ये रेक्स या साथीदाराला मारलं असेल तर त्याच्या जागी रीव्ह येतो. नाटकवाले याला रिप्लेसमेंट म्हणतात: प्रयोग रद्द होत नाही, भूमिका तीच, माणूस दुसरा. पण इथे नुसता चेहरा बदलत नाही. रीव्ह रेक्सपेक्षा रक्तपिपासू आहे, त्यामुळे त्याच्या जमातीला पुन्हा मुलं होऊ द्यायची का, हा तोच प्रश्न वेगळ्या वजनाचा होऊन बसतो. कमी खर्चात निवड जड करण्याची याहून चांगली युक्ती मला तरी माहीत नाही.

आणि याच ‘मास इफेक्ट ३’च्या शेवटावर गदारोळ झाला. तीन गेममधल्या निवडींचे गुण एका लष्करी बळाच्या आकड्यात गोळा झाले, आणि अखेर समोर आले लाल, निळा, हिरवा असे तीन पर्याय, ज्यांचे शेवट बरेचसे सारखे दिसत. खुणा जागेवर होत्या. शेवटी त्या एकेक करून वाचल्या मात्र गेल्या नाहीत, नुसत्या बेरजेला लागल्या. २६ जून २०१२ला कंपनीने फुकट दिलेल्या वाढीव शेवटात नवे प्रसंग घातले आणि आपल्या साथीदारांचं पुढे काय झालं ते दाखवलं.

उलट्या टोकाला ‘द विचर २’ (२०११) आहे. रोश की योर्वेथ, या दोन पात्रांपैकी कोणाची साथ धरली यावर दुसरा अख्खा अंक वेगळा होतो. एकदाच खेळणाऱ्याला त्यातला अर्धा ऐवज कधी दिसतच नाही.

‘बायोशॉक’मध्ये (२००७) घोळ वेगळाच. लिटल सिस्टर नावाच्या छोट्या मुलीला मारलं तर १६० अ‍ॅडम (शक्ती विकत घ्यायचं गेममधलं चलन) मिळतं, सोडवलं तर ८०. पण तीन सोडवल्या की २०० अ‍ॅडमची भेट येते. तिघींमागे ४८० विरुद्ध ४४०, शिवाय भेटीत इतर वस्तू. लोभ की दया असा पेच लेखकाने मांडला आणि हिशेबाने तो सोडवून टाकला. दयेला किंमतच पडत नाही. शेवट बदलतो, पण हातात घेतलेला निर्णय हलका राहतो.

मनाचा भाग याहून गमतीचा. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये लोकांना मजकुरावर चालणारी गोष्ट खेळायला दिली. एका प्रकारात वाटा खरोखर फुटत होत्या. दुसऱ्यात फुटत नव्हत्या, पण प्रत्येक निवडीची दखल घेणारा मजकूर लगेच येत होता. तिसऱ्यात दोन्ही नव्हतं. गोष्ट आपल्या हातात असल्याची भावना पहिल्या दोन प्रकारांत जवळपास सारखी निघाली, तिसऱ्यात कमी. क्लेमेंटाइनची पाटी काय काम करते, ते यावरून कळतं. पण ही जादू पहिल्याच खेळापुरती. दुसऱ्यांदा उलटा पर्याय निवडला की भिंतीचा रंग हाताला लागतो.

तपासायची रीतही तीच. निवडीच्या आधी वेगळी सेव्ह, म्हणजे तिथवरच्या खेळाची साठवलेली प्रत, ठेवा. आपोआप होणाऱ्या सेव्हवर विसंबू नका, ती पुसली जाते. एक पर्याय घेऊन तासभर खेळा, मग मागे येऊन दुसरा घ्या. पहिलं सारखं वाक्य कुठे येतं ते टिपा, तिथे जोड आहे. त्यानंतर वेगळं वाक्य, वेगळं माणूस किंवा बंद झालेलं दार दिसलं तर खूण जिवंत आहे.

स्वतः रचायचं असेल तर ट्वाइन किंवा इंक ही निवडींच्या गोष्टी लिहायची फुकट साधनं पुरेशी आहेत. तीन खुणांनी सुरुवात करा आणि प्रत्येक खूण निदान तीन ठिकाणी वाचली जाईल असं बघा: एकदा लगेच, एकदा सहज बोलण्यात, एकदा मोक्याच्या क्षणी. नवशिके वीस खुणा पेरतात आणि पंधरा कधीच वाचत नाहीत. नावाच्या स्पेलिंगची चूक ही दुसरी नेहमीची खोड. ट्वाइनमध्ये खूण लावताना एक अक्षर चुकलं तर मुकाट्याने नवीच खूण तयार होते आणि जुनी ‘नाही’वरच राहते. इंकमध्ये नाव आधी घोषित करावं लागतं, त्यामुळे चूक तिथेच अडते. शिवाय इंक प्रत्येक प्रसंग किती वेळा येऊन गेला हे आपणहून मोजतं, तेवढ्या खुणा वाचतात.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक जादा खर्च आहे. नायक की नायिका हे खेळाडूने ठरवायचं असेल तर इंग्रजीत ‘यू’ने निभावतं. आपल्याकडे ‘तू आलास’, ‘तू आलीस’ दोन्ही लिहावं लागतं, आणि ओळख वाढल्यावर ‘तुम्ही’चं ‘तू’ होणार असेल तर तिसरं रूपही. हो-नाहीच्या फक्त दोन खुणा, पण जवळजवळ प्रत्येक वाक्यात वाचल्या जाणाऱ्या. सुटका हवी असेल तर संवाद ‘चल’, ‘थांब’, ‘हे घे’ अशा आज्ञार्थी रूपांकडे वळवा, तिथे लिंग दिसत नाही.

शेवटी तपासणी. दहा खुणांचे १०२४ प्रकार खेळून बघणं शक्य नाही. पण बऱ्याच चुका दोन खुणांच्या भांडणातून होतात: एका सीनमध्ये मेलेला माणूस दुसऱ्यात चहा मागतो. कुठल्याही दोन खुणांच्या चारही जोड्या किमान एकदा याव्यात एवढंच हवं असेल आणि सगळ्या खुणा एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर नीट आखलेले ६ खेळ पुरतात. तीन खुणा एकत्र आल्यावरच उमटणारी चूक मात्र या जाळ्यातून निसटू शकते, तेव्हा कोणी मरणार असेल ते सीन वेगळे बसून, सगळ्या तऱ्हांनी खेळावेत.