कोल्हापुरात खोली घेऊन शिकताय? जेवणखर्चासाठी ‘स्वाधार’चा अर्ज असा करा

चंदगड, शाहूवाडीकडून आलेली कितीतरी मुलं महिनाअखेरीला मेसचा एक वेळचा डबा बंद करतात. शाहू महाराजांनी १९०१ पासून ज्या गावात बोर्डिंगं उभी केली, तिथं निव्वळ माहिती नाही म्हणून पोटाला चिमटा घ्यावा लागू नये.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला भोजन भत्ता २५,००० रुपये, निवास १२,००० आणि निर्वाह ६,००० असे ४३,००० रुपये मिळतात. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि घर कोल्हापूर शहरातलं नसावं. गुणांची आणि ७५ टक्के हजेरीची अटही आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’, तर ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा. तिथं नंबर लागला तर राहणं-जेवण दोन्ही सुटतं. नाही लागला तर स्वाधार. वसतिगृहाचा अर्जच केला नाही, तर पुढची वाट अडते.

जातीचा दाखला, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, मागची गुणपत्रिका आणि भाडेकरार जमवा. मेसच्या पावत्याही जपून ठेवा. अर्ज ऑनलाइन भरायचा. अडलं तर विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात समाजकल्याण सहायक आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथं विचारा.

बँक खात्याकडे नीट लक्ष द्या. पासबुकावर आधार नंबर असला म्हणजे झालं, असं नाही. शाळेत असताना गावच्या बँकेत शिष्यवृत्तीचं खातं काढलेलं असतं, इथं आल्यावर दुसरं निघतं. पैसे अर्जातल्या खात्यावर न येता, ज्या खात्याचं आधार सीडिंग (म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी खातं आधारशी जोडणं) सगळ्यात शेवटी झालं, तिथं जातात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहूनच अर्ज भरा.

हे पैसे हप्त्यानं येतात, तोवर रेशनचा आधार घ्या. घरच्या प्राधान्य कार्डावर तुमचं नाव असेल, तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत आहे. ते गावातूनच उचललं पाहिजे असं नाही. कोल्हापुरातल्या कुठल्याही रेशन दुकानात कार्डाचा बारा अंकी नंबर सांगून अंगठा लावला की तुमच्या वाट्याचं धान्य मिळतं, उरलेलं घरचे गावात उचलू शकतात. ई-केवायसी, म्हणजे रेशनकार्डावरच्या नावाची आधारवरून पडताळणी, मात्र झालेली हवी. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ या टोल-फ्री नंबरवर तक्रार करा.