स्फटिक जपावा तो चिठ्ठीसकट

खाणीतलं बहुतेक खनिज दगडात घट्ट रुतलेलं असतं. कण एकमेकांना खेटून वाढतात, त्यामुळे एकालाही आपला आकार मिळत नाही. रेखीव पैलू उमटायला मोकळी जागा लागते. खडकाच्या भेगेतून गरम, क्षारयुक्त पाणी फिरतं, निवताना त्यातले पदार्थ भिंतींवर साचतात. भेग पूर्ण बुजण्याआधीच हे थांबलं, तर आत पोकळी उरते. संग्राहकांचा जीव अडकतो तो या पोकळीत. खाणकंपनीला मात्र धातू हवा असतो. किती सुंदर नमुने क्रशरमध्ये भुगा झाले याची गणती नाही. वाचले त्यातले अनेक खाणकामगारांनी जेवणाच्या डब्यातून वर आणले.

नॉर्वेत कोंग्सबर्गला १६२३ मध्ये चांदी सापडली. तिथे कॅल्साइट या खनिजाच्या शिरांमध्ये, म्हणजे खडकातल्या भरलेल्या भेगांमध्ये, शुद्ध चांदीच्या वळणदार तारा मिळत. अशी तार टोकाला वाढत नाही, केसासारखी मुळाशी वाढते. बुडाशी असलेल्या चांदीच्या सल्फाइडमधून (चांदी आणि गंधक यांच्या संयुगातून) चांदी येऊन जुळत राहते आणि आधीचा भाग पुढे ढकलला जातो. त्या काळी या चांदीची मुख्य किंमत वजनावर ठरायची. वितळून गेलेल्या तारांची हळहळ मला आजही वाटते.

नामिबियातल्या त्सुमेब खाणीची गोष्ट निराळी. तांबं, शिसं आणि जस्त यांच्या सल्फाइडांपर्यंत प्राणवायू असलेलं पाणी भेगांमधून खूप खोलवर झिरपलं. सल्फाइडं मोडली, सुटे झालेले धातू कार्बोनेट, सिलिकेट, आर्सेनेट अशा घटकांशी जुळले. त्यातून गडद निळं अझुराइट आणि पाचूसारखं हिरवं डायोप्टेस घडलं. एकाच खाणीत ३०० हून अधिक प्रकारची खनिजं! ती १९९६ मध्ये बंद झाली.

म्हणूनच नमुन्यासोबतची, तो कुठून आला हे लिहिलेली जुनी चिठ्ठी फेकू नये. उत्तम अझुराइट त्सुमेबचं असतं, ॲरिझोनातल्या बिस्बीचं असतं, फ्रान्समधल्या शेसीचंही असतं. कुठली खाण, किती खोली, कोणती शिरा हे हरवलं, की दगड देखणा राहतो पण त्या खाणीबद्दल काही सांगू शकत नाही. खाण पाण्याने भरलेली असेल तर विचारायलाही जागा उरत नाही. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या फिलिप रॅशली यांनी अठराव्या शतकात तिथल्या तांब्या-कथलाच्या खाणींमधून जमवलेली खनिजं ट्रुरोच्या संग्रहालयात आहेत. आज त्यांतून त्या जिल्ह्याचं भूशास्त्र वाचता येतं ते नमुने आणि नोंदी दोन्ही टिकल्यामुळे.

जपणुकीतही प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. प्रुस्टाइट हे चांदीचं लालबुंद खनिज उजेडात काळवंडतं, ते बंद खणातच बरं. मार्कासाइट या लोह आणि गंधकाच्या खनिजाला दमट हवा सोसत नाही, त्याची भुकटी होते आणि निघणारं आम्ल चिठ्ठीही खातं. अझुराइटवरचा कॅल्साइट काढायला आम्ल वापरलं, तर अझुराइटही विरघळतं.

स्वतः शोधायचं असेल, तर जुन्या खाणीबाहेरचे टाकाऊ दगडांचे ढिगारे धुंडाळावेत, तेही जागामालकाची परवानगी घेऊन. बंद बोगद्यात पाऊल टाकू नये. तिथल्या हवेत प्राणवायू कमी असू शकतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.