जेन्सन आणि गॅरामॉन्ड एका माळेचे मणी नाहीत
गॅरामॉन्ड हा टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा नमुना, तुमच्या ओळखीचा आहे. सोळाव्या शतकातलं पॅरिस, नाजूक सेरिफ (अक्षरांच्या टोकांना असणाऱ्या छोट्या रेघा), पुस्तकांत पावलोपावली दिसणारा. त्याच्यावर अधिक शब्द खर्च करत नाही.

खटकतं ते एवढंच, की त्याला सर्रास ‘ह्युमनिस्ट सेरिफ’ म्हटलं जातं. फ्रेंच टाइपतज्ज्ञ माक्सिमिल्याँ व्हॉक्सने १९५४ मध्ये टाइपांची वर्गवारी केली तेव्हाच ह्युमनिस्ट आणि गॅरामॉन्डचा गट हे दोन वेगळे काढले होते. ह्युमनिस्ट म्हणजे मुद्रक निकोलास जेन्सनने १४७० मध्ये व्हेनिसला वापरात आणलेल्या अक्षरांचं घराणं. सेंटॉर, क्लॉइस्टर, अडोबी जेन्सन ही त्यातली मंडळी.

घोटाळा अक्षावरून, म्हणजे अक्षरातले जाड-बारीक भाग कोणत्या कलाने येतात यावरून, होतो. रोमन ‘ओ’चा जाड-बारीकपणा तिरका दिसला की लोक ह्युमनिस्ट म्हणून मोकळे होतात. पण तो दोन्हींत तिरकाच असतो, त्यामुळे ही खूण निरुपयोगी आहे. लहान ‘ई’ची मधली रेघ पाहा. जेन्सनमध्ये ती वर चढत जाते, गॅरामॉन्डमध्ये सपाट असते. ही खूण खरी, पण बहुतेक जण तिथेच थांबतात आणि ती रेघ कशामुळे चढते, हे विचारतच नाहीत.

ती चढते कारण तिथे अजून टाक चालतो आहे. रुंद टोकाचा टाक एकाच कोनात धरून मानवतावादी विद्वान पोथ्या लिहीत. जेन्सननेही अक्षरं पोलादावरच कोरली, पण डोळ्यांसमोर ते हस्ताक्षर ठेवून. म्हणून जाड-बारीकातला फरक कमी, सेरिफ दणकट, मोठी (कॅपिटल) अक्षरं लहान ‘बी’-‘डी’च्या दांड्यांना जवळपास भिडणारी. पुढे १४९५च्या सुमारास व्हेनिसचा मुद्रक आल्डुस मानुत्सियुसच्या छापखान्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने अक्षरांचे ठसे कोरले आणि कोरणारा हात टाकाच्या धाकातून सुटला. रेघ आडवी झाली, बारीक भाग आणखी बारीक झाले, मोठी अक्षरं दांड्यांपेक्षा बुटकी झाली. गॅरामॉन्ड या वाटेवरचा आहे. एकात लिहिणारा हात दिसतो, दुसऱ्यात कोरणारा.

निवड करताना हाच फरक कामाला येतो. कागदावर ऐसपैस समास आणि ओळींत मोकळी जागा असेल, तर माझं मत निःसंशय जेन्सनच्या घराण्याला. त्या पानाला जी ऊब असते ती गॅरामॉन्डला साधत नाही. मात्र डिजिटल सेंटॉर लहान आकारात वापरूच नका, तो काडीसारखा दिसतो. तिथे अडोबी जेन्सन घ्या, त्यात लहान आकारासाठी वेगळी घडण आहे. विशेषनामांनी भरलेल्या मजकुरात मात्र बुटकी मोठी अक्षरं बरी, ती पानावर टोचत नाहीत.

इटॅलिक, म्हणजे तिरकी अक्षरं, भरपूर असेल तर गॅरामॉन्डच घ्या. जेन्सन १४८० मध्ये वारला आणि इटॅलिकमध्ये छापलेलं पहिलं पुस्तक आल्डुसने १५०१ मध्ये काढलं. त्यामुळे या घराण्याला स्वतःचं इटॅलिक नाहीच. सेंटॉरलाही फ्रेडरिक वॉर्डचं अ‍ॅरिघी हे इटॅलिक जोडून घ्यावं लागलं.