बिअरची चाखणी व गुणांकन

बिअरचा गंध, रूप, चव आणि तोंडात जाणवणारा पोत ठरावीक क्रमाने तपासून ती आपल्या प्रकाराला कितपत उतरली आहे, हे गुणांत मांडण्याची पद्धत. मोठ्या कारखान्यांत हे रोजचे काम असते. क्राफ्ट म्हणजे लहान प्रमाणावर बनवलेल्या बिअरच्या बाबतीत ते स्पर्धेचे परीक्षक, खुद्द ब्रुअर (बिअर बनवणारा) आणि जाणकार गिऱ्हाईक असे सगळेच करतात. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच थोडी बिअर बनवून विकणारी ब्रुअरी, सुरू झाली. त्यानंतर पुणे, मुंबई आणि गोव्यात मायक्रोब्रुअरी वाढत गेल्या, तशी एका फळीवर चार-सहा छोटे ग्लास मांडून चव बघण्याची रीतही रुळली.

सर्वाधिक वापरली जाणारी गुणपत्रिका अमेरिकेतील ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ची, म्हणजे बीजेसीपीची आहे. ही संस्था १९८५ मध्ये सुरू झाली. पत्रिका ५० गुणांची असते : गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, पोताला ५ आणि एकंदर प्रभावाला १०. नवखा माणूस रंग आणि फेसावरच बराच वेळ घालवतो, पण त्यांना मिळून तीनच गुण आहेत; बिअरचा निकाल नाक आणि जीभ लावतात. ४५ किंवा त्यापुढची बिअर असामान्य, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ चांगली, १४ ते २० साधारण आणि १३ किंवा त्याखालची सदोष मानतात. मायक्रोब्रुअरीतली नेटकी, निर्दोष पण विशेष लक्षात न राहणारी बिअर बहुधा तिशीच्या आसपास येते. तिला तीस देणे म्हणजे तिचा अपमान नव्हे.

गुण देताना मोजपट्टी बिअरच्या प्रकाराची धरायची, स्वतःच्या आवडीची नाही. भारतातल्या जवळपास प्रत्येक मायक्रोब्रुअरीत मिळणारी हेफेवाइझेन ही जर्मन गव्हाची बिअर घ्या. ती गढूळ असावी, रंग फिका पेंढ्यासारखा ते सोनेरी, वर दाट पांढरा आणि टिकणारा फेस. नाकाला पिकलेले केळे आणि लवंग जाणवावी, कडवटपणा अगदी कमी म्हणजे ८ ते १५ आयबीयू (कडवटपणाचे एकक), अल्कोहोल ४.३ ते ५.६ टक्के. केळे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरमुळे येते, लवंग ४-व्हिनाइल ग्वायाकॉल या फिनॉलमुळे, आणि दोन्ही त्या खास यीस्टचे काम. किण्वनाचे तापमान हाताबाहेर चढले की केळे इतके वाढते की बबलगमचा वास येऊ लागतो आणि लवंग दबते. मग गंधाचे गुण कापायचे. तीच लवंग पिल्सनर या फिक्या, कडवटसर लागर बिअरमध्ये सापडली तर तो सरळ दोष आहे, कारण तिथे तिचा अर्थ जंगली यीस्टचा शिरकाव असा होतो. त्याच फळीवरची बेल्जियन विटबिअर गव्हाचीच असली तरी तिच्यात धणे आणि संत्र्याची साल घातलेली असते. तिला केळ्याच्या अपेक्षेने गुण देणे अन्यायाचे.

तयारी

ग्लास स्वच्छ दिसतो म्हणून स्वच्छ असतोच असे नाही. तेलकटपणा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो आणि आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहतात. ते दिसले की ग्लास बदलून घ्यावा. फेसाचे गुण तोवर देऊ नयेत. धुतलेला ग्लास फडक्याने न पुसता जाळीवर उपडा वाळवावा. फ्रीजरमध्ये ठेवलेला बर्फाळ ग्लास चाखणीला निरुपयोगी : गारव्याने गंध दबतो, फेस भसकन येतो आणि वितळलेले पाणी बिअरमध्ये उतरते.

लागर (थंडाव्यात किण्वन होणारी बिअर) ४ ते ७ अंश, बहुतेक एल (त्याहून उबेत किण्वन होणारी) ८ ते १२ अंश, कडक स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) १२ ते १४ अंश सेल्सिअसला चाखावी. नळातून बिअर याहून गार येते, म्हणून एल आणि स्टाउटचा ग्लास तळव्यांत धरून पाच-सात मिनिटे थांबावे. एका नमुन्याला ६० ते ९० मिलिलिटर पुरते. ९० मिलिलिटरचे सहा नमुने म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक. त्यापुढे निवाडा सैल होऊ लागतो. क्रम सौम्याकडून तीव्राकडे : आधी गव्हाची आणि फिकी लागर, मग तांबूस अंबर, मग स्टाउट, आयपीए (हॉप्स या कडवट फुलांची तीव्र एल), आणि जास्त अल्कोहोलची बिअर सर्वांत शेवटी. आयपीएचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो, त्यामुळे तिच्यानंतर आलेली पिल्सनर उगीच गोडसर आणि पाणचट वाटते.

चखणा चाखणीचा शत्रू आहे. मीठ कडवटपणा दाबते, मिरचीने जीभ चुरचुरते, आणि मसाला शेंगदाण्यांनंतर सगळ्या बिअर सारख्याच लागतात. मधे घ्यायचे ते साधे पाणी आणि कोरडा पाव. अत्तर, पान, तंबाखू आणि कॉफी तासभर आधीपासून टाळावी. ओठांवरच्या मलमाने किंवा लिपस्टिकनेही फेस मोडतो.

नाक, मग घोट

ग्लास हातात येताच, रंग बघण्याआधी, वास घ्यावा. गंधकासारखे हलके वास मिनिटभरात उडून जातात. आधी ग्लास नाकापासून वीतभर दूर धरून, मग जवळ आणून दोन-तीन तोकडे श्वास, मग एक लांब श्वास. काहीच कळले नाही तर ग्लासवर तळहात ठेवून बिअर गोल फिरवावी आणि हात काढताच हुंगावे. जाणवेल ते लगेच लिहावे. ‘छान’ हा शब्द कामाचा नाही. ‘भाजलेला पाव, थोडा मध, मागून लिंबाची साल’ हे कामाचे. शब्द नेमके असावेत म्हणून मॉर्टन माइलगार्ड या रसायनशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात बिअरच्या चवींचे चक्र, म्हणजे चवींची नावे गोलात मांडलेला तक्ता, तयार झाले. ते आजही ब्रुअरींत वापरात आहे.

घोट लहान घ्यावा, तोंडभर फिरवावा आणि गिळावा. वाइनसारखी बिअर थुंकत नाहीत, कारण गिळल्यावर मागे राहणारा कडवटपणा आणि घशातून नाकात चढणारा गंध हेही गुणांत धरायचे असतात. गिळून तोंड मिटून नाकाने श्वास सोडला की हा गंध स्पष्ट होतो. पोतात बॉडी (दाटपणा), कार्बोनेशन (वायूचे बुडबुडे), अल्कोहोलची ऊब आणि तुरटपणा पाहतात.

दोष आणि त्यांची मुळे

लोणी किंवा बटरस्कॉचचा वास डायअ‍ॅसिटिलचा. किण्वन पूर्ण होण्याआधीच टाकी थंड केली तर यीस्टला ते परत शोषून घ्यायला वेळ मिळत नाही. पण हाच वास नळाच्या अस्वच्छ नळीतल्या जिवाणूंमुळेही येतो, आणि इथे परीक्षकाने घाई करू नये : थेट टाकीतून काढलेला नमुना स्वच्छ निघाला तर दोष नळीचा आहे, ब्रुअरचा नव्हे. नळ्या दर दोन आठवड्यांनी कॉस्टिकच्या द्रावणाने धुवायच्या असतात. दुकान उघडल्यावरचा पहिला ग्लासही चाखणीला घेऊ नये. ती रात्रभर नळीत थांबलेली बिअर असते.

उकडलेल्या मक्याचा वास डायमिथाइल सल्फाइडचा. फिक्या पिल्सनर माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) काढा पुरेसा उकळला नाही, झाकण ठेवून उकळला किंवा उकळल्यावर हळू निवला की तो राहतो. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास अ‍ॅसिटाल्डिहाइडचा; बिअर कोवळी असतानाच काढली. बँडेजसारखा औषधी वास बहुधा नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनपासून बनलेल्या क्लोरोफिनॉलचा असतो आणि तो अगदी कमी प्रमाणातही लपत नाही. पाणी कार्बन फिल्टरमधून घेतले की तो टळतो. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे जुनी, उष्णतेत राहिलेली बिअर. व्यवसायात ‘३-३०-३००’ असा ढोबळ ठोकताळा आहे : ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३ अंशांत ३०० दिवस यांत बिअर सारखीच शिळी होते. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या बाटलीला गुण देण्यात अर्थ नाही.

उजेडाने बिघडलेल्या बिअरचे वर्णन पाश्चात्त्य पुस्तकांत स्कंक नावाच्या प्राण्याच्या वासाने करतात, जो आपल्याकडे कोणी हुंगलेला नसतो. तो ओळखायला सोपा उपाय आहे. हॉप्स चांगले जाणवणाऱ्या फिक्या बिअरचे दोन ग्लास घ्या, एक भर उन्हात पंधरा मिनिटे ठेवा, दुसरा झाकून सावलीत, आणि मग दोन्ही हुंगा. उन्हातल्या ग्लासाचा उग्र गंधकी वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. तपकिरी बाटली यापासून बरेच संरक्षण देते, हिरवी आणि पारदर्शक फारच कमी.

निवाडा

स्पर्धेत बिअर क्रमांकाने येते. परीक्षकाला प्रकार सांगतात, ब्रुअरी नाही. लिहून होईपर्यंत बोलायचे नाही, तोंडही वाकडे करायचे नाही, कारण शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून आपले गुण हलतात. मग पत्रिका समोरासमोर ठेवतात. दोन परीक्षकांच्या बेरजेत सातपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा चाखून, बोलून तो कमी करतात. बेरीज सुरुवातीला दिलेल्या श्रेणींशी जुळते का, हेही शेवटी पाहतात : ‘लोण्याचा ठळक वास’ असे लिहून ४० गुण दिले असतील तर शब्द किंवा आकडा, एक काहीतरी चुकले आहे.

२०१० मध्ये आलेल्या ‘अनटॅप्ड’सारख्या अ‍ॅपवर पाचांपैकी तारे देतात, आणि तिथे प्रकार न पाहता आवडीला गुण मिळतात. म्हणून कडक इम्पीरियल स्टाउट आणि फळांच्या वासाची गढूळ आयपीए वर चढतात, तर काटेकोर बनवलेली, कौशल्याचा खरा कस लावणारी पिल्सनर खाली राहते. दोन पिल्सनरांची आपसांत तुलना करायला ते तारे चालतील. पिल्सनर आणि स्टाउट यांची नाही.

ब्रुअरीला आतून वेगळाच प्रश्न पडतो : नवी खेप जुनीसारखी झाली का? त्यासाठी गुण नकोतच. तीन ग्लास देतात, दोन सारखे आणि एक वेगळा, वेगळा ओळखायचा. अंदाजाने तिघांतला एक बरोबर सांगेलच, म्हणून बारा जणांपैकी किमान आठ जणांनी ओळखला तरच दोन खेपांत फरक आहे असे धरतात.