कोड लिहू नकोस, आधी प्रश्न विचार

फेब्रुवारी २०२५ मध्ये अँड्रेय कार्पाथी या संगणकशास्त्रज्ञाने 'व्हाइब कोडिंग' हा शब्द वापरला. यंत्राला साध्या भाषेत सांगायचे, त्याने लिहिलेला कोड न वाचता घ्यायचा, चूक निघाली तर तो संदेश उचलून परत त्यालाच द्यायचा, अशी ती रीत. शनिवार-रविवारी करून टाकून द्यायच्या प्रयोगांना हे चालून जाते, असे त्याने त्याच टिपणात लिहिले होते. शब्द जगभर गेला, अट मागेच राहिली. आता बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ठरू लागले की 'एका वाक्यात ॲप' हे आश्वासन समोर असते. ॲप तयारही होते. लॉगिन, रंगीत आलेख, पावती, सगळे जागच्या जागी. मग ते खानापूर तालुक्यातल्या एखाद्या दूध संकलन केंद्रावर नेऊन बघावे. पहिल्या बिलालाच ते अडते.

ते का अडते हे समजायला कोड लिहून देणारा हा यंत्र-सहायक आतून कसा चालतो ते पाहावे लागते. एकदा ते पाहिले की त्याचा खरा उपयोग कोड लिहून घेण्याच्या आधी का आहे, हेही लक्षात येते.

क्लॉड कोड, कर्सर, कोपायलट अशा सहायकांच्या पोटात एक भाषा-प्रारूप, म्हणजे लँग्वेज मॉडेल, असते. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर ते उभे आहे. आतापर्यंतचा सगळा मजकूर घ्यायचा आणि पुढचा तुकडा कोणता असेल याच्या शक्यता मांडायच्या, एवढेच त्याचे काम. या तुकड्याला टोकन म्हणतात. तो कधी अख्खा शब्द असतो, कधी शब्दाचा भाग. 'आज म्हशीचे दूध' एवढा मजकूर असेल तर पुढे 'कमी', 'जास्त', 'पातळ', 'नासले' असे अनेक तुकडे संभवतात आणि प्रत्येकाला एक आकडा मिळतो. त्यातून एक निवडला जातो, मजकुराला जोडला जातो आणि वाढलेल्या मजकुरावर तोच हिशेब पुन्हा होतो. दहा हजार तुकड्यांचे उत्तर म्हणजे हा हिशेब दहा हजार वेळा.

ट्रान्सफॉर्मरची खुबी 'अवधान' या क्रियेत आहे. नवा तुकडा ठरवताना मागच्या प्रत्येक तुकड्याला किती वजन द्यायचे हे ते प्रारूप मोजते. पाचशे ओळींपूर्वी एखाद्या तक्त्यात 'लिटर' असे स्तंभाचे नाव पडले असेल, तर ते नाव आताच्या ओळीलाही आपल्याकडे ओढते. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत लिहिलेला तक्ता पुढच्या सगळ्या फायलींना वळण लावतो. सहायक फाइल खोडून दुरुस्त करू शकतो हे खरे. पण दुरुस्ती करतानाही जुना कोड त्याच्या डोळ्यांपुढेच असतो आणि तो त्याला धरूनच पुढे लिहितो. चुकीच्या पायावर दुसरा मजला चढवायला तो सहसा नकार देत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की लिहिलेला मजकूर हीच त्याची विचार करायची पाटी. २०२२ साली गूगलच्याच संशोधकांनी दाखवले की मोठ्या प्रारूपांना थेट उत्तर न मागता पायऱ्या लिहायला लावल्या, तर गणितात ती लक्षणीय कमी चुकतात. कोडच्या आधी आराखड्याची चर्चा लिहून घेतली की तीच चर्चा पुढच्या कोडचा पाया होते. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तुम्ही जे सांगत नाही, ते प्रारूप त्याच्या प्रशिक्षणात सर्वाधिक वेळा आलेल्या गोष्टींनी भरते. जगातल्या बहुसंख्य उदाहरणांत इंटरनेट कायम चालू असते, पैसे दशांशात ठेवलेले असतात, माणसाला एक नाव आणि एक आडनाव असते, आणि भाषा एकच असते. सीमाभागातले गाव या सरासरीत बसत नाही. आपल्याकडे सभासदाचे नाव डेअरीच्या वहीत मराठीत, सरकारी कागदावर कन्नडमध्ये आणि बँकेत इंग्रजी अक्षरांत असते. तिन्हींचे स्पेलिंग जुळेलच असे नाही. मराठी नावांत आणखी एक खोच आहे. 'गोऱ्हे' मधला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या सामाईक क्रमांक-पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे. शोधताना सभासद सापडत नाही आणि सचिव त्याचे दुसरे खाते उघडतो. सभासद क्रमांक हीच ओळख, नाव फक्त दाखवण्यापुरते, हा निर्णय आधी घ्यायचा असतो. सहायक तो स्वतःहून घेईल याची खात्री नाही.

म्हणून पहिला संदेश असा असावा: अर्धे पान आपल्या शब्दांत, केंद्रावर दिवसभर काय घडते त्याचे वर्णन. सकाळ-संध्याकाळ दूध येते, वजन होते, फॅट आणि डिग्री लागते, दरपत्रकावरून भाव निघतो, दर दहा दिवसांनी बिल, त्यातून पेंडीचे पैसे आणि उचल कापून उरलेली रक्कम. आणि शेवटी स्पष्ट सूचना: 'कोड लिहू नकोस. माझ्या वर्णनात काय राहिले ते शोध आणि एका वेळी एकच प्रश्न विचार.' एकच प्रश्न, कारण दहा प्रश्न एकदम आले की माणूस सोपे तीन सोडवतो आणि बाकीच्यांना 'तूच ठरव' म्हणतो. 'तूच ठरव' म्हटले की सरासरी परत आत शिरते. काही सहायकांत फायलींना हात न लावता फक्त आराखडा करायचा वेगळा मोड असतो. तो चालू ठेवावा.

चांगले प्रश्न कोणते, ते ओळखता आले पाहिजे. वजनकाटा किलो दाखवतो, वही लिटरमध्ये. रूपांतर कोण करते? डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचे वाचन. २८ डिग्री म्हणजे घनता १.०२८, तेव्हा १०० किलो दूध म्हणजे ९७.२८ लिटर. किलोचा आकडा तसाच लिटरच्या रकान्यात गेला तर दर शंभरामागे पावणेतीन लिटरचा खोटा हिशेब. एसएनएफचे, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागाचे, सूत्र कोणते? डिग्रीचा चौथा हिस्सा, त्यात फॅटचा ठराविक भाग आणि एक स्थिरांक मिळवतात. पण तो भाग आणि तो स्थिरांक सगळीकडे एकच नसतो. इथे सहायक अगदी आत्मविश्वासाने एक सूत्र देईल. ते घेऊ नये. ज्या संघाला दूध जाते त्याचे छापील दरपत्रक पुढे ठेवावे. गाय भाकड झाली, बिल शून्य, पण पेंडीची बाकी २,००० रुपये: बिल उणे दाखवायचे, की बाकी पुढे न्यायची? उचल आधी कापायची की पेंड?

आता पैशांचा प्रश्न, ज्यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा ०.३३३ असा संपतच नाही, तसा द्विमान पद्धतीत एक दशांश संपत नाही; तो कुठेतरी तोडावा लागतो. त्यामुळे बहुतेक संगणकीय भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. उपाय जुना आहे: रक्कम पूर्णांक पैशांत आणि दूध पूर्णांक मिलिलिटरमध्ये ठेवायचे. समजा भाव ३६ रुपये ४५ पैसे, दूध साडेचार लिटर. ३६४५ गुणिले ४५०० भागिले १०००, उत्तर १६४०२.५ पैसे. हा अर्धा पैसा कुठे जाणार? पायथनचे 'राउंड' अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेते: १६४०२. जावास्क्रिप्टचे 'मॅथ डॉट राउंड' वर नेते: १६४०३. फोनवर एक भाषा, सर्व्हरवर दुसरी, की एकाच दुधाची दोन बिले. आणि पूर्णांकन प्रत्येक वेळच्या दुधाला करायचे की दहा दिवसांच्या बेरजेला? सचिव दर वेळी रुपयात पूर्ण करत असेल, तर वीस वेळच्या दुधात एका सभासदाचा फरक १० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ॲप अधिक अचूक आणि तरीही वहीशी न जुळणारे, असे होईल. आणि गाव वहीवर विश्वास ठेवेल. हा निर्णय संस्थेचा, सहायकाचा नाही. पण हा निर्णय घ्यायचा आहे, हे समोर आणायला सहायक उत्तम.

कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात वीज आणि मोबाइलचा सिग्नल दोन्ही जातात. 'नेटवर्क नसताना नोंद कशी होणार?' हा प्रश्न सहायकाने विचारला नाही तर आपण घालावा. उत्तर असे: नोंद आधी फोनवरच, मग जमेल तेव्हा सर्व्हरवर. त्यातला सापळा म्हणजे फोनने नोंद पाठवली, ती पोचली, पण पोच येण्याआधी सिग्नल गेला. फोन पुन्हा पाठवतो आणि दूध दुप्पट होते. म्हणून प्रत्येक नोंदीला फोनवरच, ती जन्मताच, पुन्हा न येणारा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नोंद न वाढवता फक्त पोच द्यायची. पावतीचेही असेच. ५८ मिलिमीटर कागदाच्या स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी किंवा कन्नड अक्षरे सहसा नसतात. पावतीचे चित्र तयार करून ते ३८४ ठिपके रुंदीत छापावे लागते, नाहीतर जोडाक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

एवढे झाले की बहुतेक जण विचारतात, 'माझी कल्पना कशी वाटते?' हा प्रश्न वाया जातो. या प्रारूपांना माणसांच्या पसंतीनुसार घडवलेले असते, आणि माणसांना होकार आवडतो. २०२३ मध्ये क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकच्या संशोधकांनी हा हांजीखोरपणा वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रारूपांत मोजून दाखवला. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीमधला एक बदल याच कारणाने मागे घ्यावा लागला. तेव्हा विचारायचे असे: 'हा आराखडा दुसऱ्या कुणाचा आहे. सहा महिन्यांनी केंद्राने तो वापरणे बंद केले असे समज. सर्वांत संभवनीय तीन कारणे सांग, आणि प्रत्येकासाठी आराखड्यातली कोणती ओळ जबाबदार ते दाखव.' ओळ दाखवायला लावली की मोघम बोलायला जागा उरत नाही. तीन वेगवेगळे आराखडेही मागावेत, त्यातला एक संगणकाशिवायचा. कधी कधी नीट आखलेली एक एक्सेल फाइल पुरते, आणि ते पहिल्याच दिवशी कळलेले बरे.

यंत्राचे उत्तर म्हणजे देवाचा कौल नव्हे. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर वेगळा तुकडा निवडला जाऊन वेगळे उत्तर येऊ शकते. 'एआयने सांगितले' म्हणून संचालक मंडळापुढे पुरावा ठेवणारा आणि पाकळी उजवीकडे पडली म्हणून शेत विकणारा, दोघेही विचार करायचे काम दुसऱ्यावर सोपवत असतात.

चर्चा लांबली की ती बिघडते. २०२३ च्या एका अभ्यासात दिसले की लांब मजकुरातले सुरुवातीचे आणि शेवटचे प्रारूपांना नीट वापरता येते, मधले निसटते. मराठीत हे लवकर जाणवू शकते: देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट घेते, म्हणून 'बेळगाव' १८ बाइटचे, तर 'बेलगाम' इंग्रजी अक्षरांत फक्त ७. टोकनही त्याच मानाने वाढू शकतात, विशेषतः जुन्या प्रारूपांत. तरी चर्चा मराठीतच करावी; 'उचल' आणि 'बाकी' यांतला फरक इंग्रजीत नेताना हरवतो. फक्त दर पंधरा-वीस प्रश्नांनी ठरलेले निर्णय एका फाइलमध्ये लिहून घ्यावेत, प्रत्येकाशेजारी कारण, आणि ती फाइल देऊन नवी चर्चा सुरू करावी. दोन पानांच्या वर गेली तर कल्पनाच मोठी झाली आहे. सभासदांची खरी नावे, आधार किंवा खाते क्रमांक चर्चेत टाकू नयेत. बनावट आकडे पुरतात.

कोडच्या आधीची शेवटची पायरी कागदावरची आहे. जुन्या वहीतून दहा नोंदी घ्याव्यात, त्यातल्या निदान चार विचित्र: गाय-म्हैस दोन्ही घालणारा सभासद, फॅट न लागलेली सकाळ, खाडाखोड केलेले वजन, बाकी उणे गेलेले बिल. त्यांची उत्तरे सचिवाबरोबर हाताने काढावीत. मग फक्त निर्णयांची फाइल आणि या दहा नोंदी देऊन सहायकाला कोडशिवाय, पायरीपायरीने हिशेब करायला सांगावे. जिथे त्याचे उत्तर वेगळे येते, तिथे बहुतेक वेळा फाइलमध्ये काहीतरी लिहायचे राहिलेले असते. कधी त्याचा गुणाकारही चुकतो, तो कॅल्क्युलेटरवर पडताळावा. दहाही जुळल्या की याच नोंदी चाचण्या म्हणून आधी लिहून घ्याव्यात, आणि मग कोडला परवानगी द्यावी. पहिला तुकडा एकाच पडद्याचा: दूध नोंदवणे आणि दहा दिवसांचे बिल. तो वहीच्या शेजारी तीन बिले चालवावा, म्हणजे एक महिना. तोवर वही बंद करू नये.