वर्गातली वर्षे आणि न्यायासन: कायद्याचा प्राध्यापक उच्च न्यायालयात कसा पोहोचतो

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, निफाडचा. १८६६ मध्ये ते एलएल.बी. झाले. १८६८ पासून मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी इंग्रजी साहित्य आणि इतिहास शिकवला. १८७१ मध्ये ॲडव्होकेटची परीक्षा दिली आणि पुण्यात दुय्यम न्यायाधीश म्हणून रुजू झाले. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली आणि पुढच्याच वर्षी, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत, धुळ्याला. १८८४ मध्ये ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टात (लहान रकमेच्या दाव्यांच्या न्यायालयात) आले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंगांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

त्यांना ही जागा मिळाली ती कनिष्ठ न्यायालयांत काढलेल्या वर्षांवर. १८६१ च्या हायकोर्ट कायद्याने न्यायमूर्तिपदासाठी ठरावीक वाटा आखून दिल्या होत्या: पाच वर्षे झालेला बॅरिस्टर, दहा वर्षे झालेला सनदी अधिकारी (त्यांतली किमान तीन वर्षे जिल्हा न्यायाधीश म्हणून), पाच वर्षे प्रिन्सिपल सदर अमीन (त्या काळचा वरिष्ठ दिवाणी न्यायाधीश) किंवा स्मॉल कॉज कोर्टाचा न्यायाधीश, नाहीतर दहा वर्षे वकिली केलेला प्लीडर. एल्फिन्स्टनमधली वर्षे यांपैकी कशातच बसत नव्हती. दीडशे वर्षे उलटली तरी हे गणित फारसे हललेले नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २१७(२) प्रमाणे उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीसाठी दोनच वाटा आहेत: भारतात दहा वर्षे न्यायिक पद, किंवा उच्च न्यायालयाचा वकील म्हणून दहा वर्षे. सर्वोच्च न्यायालयासाठी मात्र अनुच्छेद १२४(३) मध्ये तिसरी वाट आहे, विख्यात विधिवेत्त्याची. घटना समितीत २४ मे १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी ही दुरुस्ती मांडली. पार्श्वभूमीला अमेरिकेचे ताजे उदाहरण होतेच. हार्वर्डमध्ये कायदा शिकवणारे फेलिक्स फ्रँकफर्टर १९३९ मध्ये थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले होते. अमेरिकेच्या घटनेत न्यायाधीशाची पात्रताच लिहिलेली नाही, त्यामुळे तिथे अडचण आली नाही. आपल्याकडे तरतूद झाली, पण तिच्या आधारे आजवर एकही नेमणूक झालेली नाही. ही उणीव खरोखर खटकणारी आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये हीच वाट उच्च न्यायालयांसाठीही उघडली होती. ४४ व्या दुरुस्तीने ती बंद केली, आणि जून १९७९ पासून पुन्हा दोनच वाटा उरल्या.

मग प्राध्यापकाने वकिलीही करावी, असे कोणी म्हणेल. अडचण सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची आहे. वकिलांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरणाऱ्या वकिलाने आपल्या राज्याच्या कौन्सिलला (नाशिककरांसाठी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला) कळवायचे आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. अध्यापनाला सवलत आहे, पण ती दिवसाला तीन तासांपर्यंतच. म्हणून आपल्याकडे शिकवणारा वकील सहसा असा दिसतो: सकाळी सात-साडेसातला एलएल.बी.च्या वर्गावर पुराव्याचा कायदा, दहाला खडू हातावेगळा, आणि अकराच्या आत काळा कोट घालून नाशिकच्या जिल्हा न्यायालयात बोर्डावर आपले प्रकरण कितवे आहे ते बघायला हजर. ही वर्षे वकिलीत मोजली जातात. यशवंत विष्णु चंद्रचूड याच वाटेने गेले. १९४९ ते १९५२ मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात अर्धवेळ प्राध्यापक, १९६१ मध्ये उच्च न्यायालयात, १९७८ ते १९८५ सरन्यायाधीश.

पूर्णवेळ शिकवणाऱ्याचे गणित वेगळे. चाळिसाव्या वर्षी कॉलेज सोडून पहिल्यांदाच सनद घेतली, तर दहा वर्षे पुरी होतात पन्नाशीला. पुढे उच्च न्यायालयाच्या कॉलेजियमची (नावे सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाची) शिफारस, राज्य सरकारचे मत, गुप्तवार्ता विभागाचा अहवाल, सर्वोच्च न्यायालयाचे कॉलेजियम आणि शेवटी राष्ट्रपतींची नेमणुकीच्या अधिपत्रावर सही. निवृत्ती बासष्टला. हातात दशकभरच उरते. नोकरीत असताना सनद गुपचूप चालू ठेवण्याचा मोह काहींना होतो. तो फार महागात पडतो. एकतर ते व्यावसायिक गैरवर्तन ठरते, आणि दुसरे म्हणजे पात्रतेची छाननी न्यायालयात होऊ शकते. उमेदवार योग्य आहे की नाही यात न्यायालय पडत नाही, पण तो पात्र आहे की नाही हे तपासते. १९९२ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयासाठी निघालेले राष्ट्रपतींचे अधिपत्र सर्वोच्च न्यायालयाने शपथविधीआधीच रद्द केले, कारण उमेदवाराचे आधीचे पद न्यायिक पद ठरत नव्हते.

हे सगळे महत्त्वाचे का, ते अपिलाच्या कामातून कळते. दिंडोरीतल्या एका द्राक्षबागेच्या वाटपाचा दावा घ्या. दिवाणी न्यायालयात निकाल लागला, जिल्हा न्यायालयात पहिले अपील झाले, आता दुसरे अपील मुंबईला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे तिथे साक्षीपुरावे पुन्हा तोलायचे नसतात. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न नेमका शब्दांत मांडायचा आणि तेवढ्यावरच निकाल द्यायचा. ९ सप्टेंबर २००५ ला हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. बाप त्या दिवशी हयात नसेल तर मुलीला सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सेदार) म्हणून हिस्सा मिळतो का? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालात उत्तर ‘नाही’ होते, २०१८ च्या निकालाने गोंधळ वाढवला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो मिटवला: मुलीचा हक्क जन्माने येतो, बाप हयात असण्याची अट नाही. दोन निकाल शेजारी ठेवून विसंगती कुठे आहे ते दाखवणे हे वर्गात शिकवणाऱ्याचे रोजचे काम. प्रश्नच चुकीचा मांडला गेला तर पुढचा सगळा निकाल भरकटतो.

वर्गातल्या या कामाचे मोल इंग्लंडने हळूहळू मान्य केले. ब्रेंडा हेल यांनी १९६६ पासून मँचेस्टर विद्यापीठात शिकवले, १९८४ मध्ये त्या कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या लॉ कमिशनवर गेल्या आणि तिथे केलेल्या कामातून १९८९ चा बालकांविषयीचा कायदा घडला. १९९४ मध्ये हायकोर्ट, १९९९ मध्ये अपील न्यायालय, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्षपद. २००७ च्या कायद्याने कायदा शिकवण्याची वर्षेही अनुभवात धरली जाऊ लागली. २०२० मध्ये अँड्र्यू बरोज हे ऑक्सफर्डच्या प्राध्यापकपदावरून थेट सर्वोच्च न्यायालयात आले.

आपल्याकडे खालच्या पायरीवरही वर्गातली वर्षे बाहेरच आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षे वकिलीची अट परत आणली. त्यात न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेले काम धरले जाते, आणि मोजणी बार कौन्सिलमधल्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून होते. त्यामुळे एलएल.एम. करून लगेच शिकवायला लागण्याचा विचार असलेल्या विद्यार्थ्याने सनद आधी घ्यावी, ही तीन वर्षे आधी कोर्टात काढावीत, आणि प्रत्येक वकीलपत्राची प्रत जपून ठेवावी.